वल्द, जौजे आणि कोऱ्या चौकटी

सय्यदांच्या घरी शजरा असतो. हिरव्या कापडात गुंडाळून पेटीत जपून ठेवलेला. दर्ग्याच्या मुजावरांकडेही असतो. त्यांचा मान आणि कधी इनामाची जमीन त्यावर उभी असते. आम्ही मोर्शीचे पिंजारी. आमच्याकडे पिंजण होती, तिची तांत होती, दिवाळीनंतर गाद्या-रजया भरून घेणारी गिऱ्हाइके होती. शजरा नव्हता. कापूस पिंजणाऱ्याला त्याच्या सात पिढ्या कोण विचारणार?

विचारल्या त्या सरकारने. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारी आहेत. त्या दाखल्यासाठी आणि पुढे त्याच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. घरातला कोणी पूर्वज त्या तारखेआधी या मुलखात होता आणि कागदावर त्याची जात अमुक होती, हे दाखवायचे. त्या पूर्वजापासून आजच्या मुलापर्यंतची वंशावळ शपथपत्रावर लिहून द्यायची. आमच्या पुतण्याच्या कॉलेज-प्रवेशाच्या वेळी ही वेळ आमच्यावर आली.

ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात अब्बांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढेच. त्या काळच्या गुरुजींना तेवढे पुरेसे वाटत असे. मोर्शी-वरूड भागातल्या अनेक तेली, बागवान, पिंजारी मुसलमानांची तीच गत. पडताळणीत मात्र 'मुसलमान' ही जात होत नाही. मग कोतवाल बुकाची नक्कल काढायची. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवालाने तो नोंदवायचा, ही वऱ्हाडातली जुनी पद्धत. त्या बुकात जात सापडते, पण बाळाचे नाव बहुधा सापडत नाही. 'अमुक वल्द तमुक, पिंजारी, यास मुलगा झाला,' एवढेच. तो मुलगा म्हणजेच आपले दादा, हे नाते जोडून दाखवणे आपले काम. जुनी पाने मोडीत, म्हणून वाचणारा शोधणे हेही आपले काम.

ते सगळे झाले. वंशावळ तयार झाली. पुतण्या, त्याचे वडील, आमचे अब्बा, दादा, परदादा. एकाखाली एक पाच नावे, मध्ये सरळ रेघा. दाखला मिळाला आणि फाईल कपाटात गेली.

फाईल पुन्हा बाहेर काढली ती भाचीने. ती कॉम्प्युटर शिकत होती. तिने एक प्रोग्रॅम आणला, ग्रॅम्प्स नावाचा. २००१ पासून जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून घडवलेला, कोणालाही फुकट वापरता येणारा. त्यात आपले खानदान नोंदवता येते. नावे देवनागरीत लिहिता येतात, उर्दूतही. एका माणसाची चार नावे असली तरी चारही ठेवता येतात. अब्दुल रज्जाक कुठे रजाक, कुठे अ. रज्जाक, तर मतदार यादीत भलताच काही, हे ज्यांच्या कागदांत आहे त्यांना या सोयीचे मोल कळेल. आडनावाची चौकट रिकामी सोडली तरी तो प्रोग्रॅम कुरकुरत नाही. आमच्या परदादांना आडनाव नव्हतेच.

भाचीने शपथपत्रावरची पाच नावे भरली. पडद्यावर प्रत्येक पुरुषाच्या चौकटीशेजारी एक कोरी चौकट उमटली. पुतण्याच्या आईची आणि आमच्या अम्मीची लगेच भरल्या. दादीचीही भरली. परदादांच्या शेजारची चौकट कोरी राहिली.

"इथं काय लिहू?" भाचीने विचारले.

कोणालाच ठाऊक नव्हते. शपथपत्रात हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण तिथे त्या बाईसाठी जागाच नव्हती. प्रोग्रॅमने जागा ठेवली होती.

आपल्या कागदांत पुरुष 'वल्द' असतो, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई 'जौजे' असते, म्हणजे तमक्याची बायको. नवरा गेला की ती 'बेवा'. शेताच्या कागदावर तिचे नाव चढते ते बहुधा नवरा मेल्यावर. मोहल्ल्यात तिला माहेरच्या गावाने हाक मारतात. कोणी वरूडवाली, कोणी बेनोड्यावाली, कोणी चांदूरवाली. घरातल्या मुलांना तेच तिचे नाव वाटते. आमच्या परदादीला सारे अचलपूरवाली म्हणत.

हे सांगितले आमच्या फूफीने. वय ऐंशीच्या पुढे. भाची कागद-पेन घेऊन समोर बसली तेव्हा आधी म्हणाली, "मेरेकू क्या पूछती बेटा, मय तो स्कूल का मूं नै देखी." आणि मग दोन तास बोलत राहिली. कोणाची पहिली बायको वारली आणि तिच्याच बहिणीशी निकाह झाला, कोणाचे दोन मुलगे हैदराबादेस गेले ते परतले नाहीत, कोणी कोणाचे दूध प्यायले. हे शेवटचे तिच्या हिशेबात फार महत्त्वाचे होते. शरियतमध्ये दूधभाऊ आणि दूधबहीण यांचा निकाह होत नाही, म्हणून घरातल्या बायांना ही नाती तोंडपाठ ठेवावी लागत. कोणत्याही सरकारी कागदात हे नाते नाही. ग्रॅम्प्समध्ये मूल पोटचे, दत्तक की सावत्र हे नोंदवता येते आणि याखेरीज दोन माणसांमधला कोणताही संबंध आपल्या शब्दांत लिहिता येतो. तिथे भाचीने 'दूधभाऊ' हा शब्द घातला.

फूफीच्या सांगण्यात सन नव्हते. 'मानमोडी के साल' होते. १९१८ च्या त्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्यप्रांत-वऱ्हाडातला मृत्युदर देशातल्या सर्वाधिक दरांपैकी होता. अचलपूरवाली त्याच साथीत गेली. दादा तेव्हा चार वर्षांचे होते आणि त्यांचा भाऊ अंगावर पिणारा. शेजारच्या मोमीन बाईने त्या लेकराला आपले दूध पाजून जगवले. त्या बाईच्या घरात आणि धाकट्या दादांच्या घरात म्हणूनच कधी सोयरीक झाली नाही. आईचे नाव दादांना आठवण्याचे वय नव्हते, आणि सांगणारे कोणी उरले नव्हते.

"उनका नाम? उनकू सब अचलपूरवालीच बोलते थे," फूफी म्हणाली.

या प्रोग्रॅमची एक सवय आम्हाला प्रथम जाचक वाटली. कोणतीही गोष्ट लिहिली की तो विचारतो, हे कुठून कळले? कागद असेल तर कोणता, तो कोणाकडे आहे, माणसाने सांगितले असेल तर कोणी आणि केव्हा. त्यापुढे त्या पुराव्यावर भरवसा किती, याच्या पाच पायऱ्या. तारखेतही 'सुमारास', 'आधी', 'नंतर' अशी सोय आहे. हिजरी तारीख घातली तरी चालते. चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक तेवढा ध्यानात ठेवायचा.

विचार करता लक्षात आले की ही सवय आपल्याला परकी नाही. हदीस नुसती सांगून चालत नाही, तिचा इस्नाद सांगावा लागतो. कोणी कोणाकडून ऐकले, ही साखळी. साखळीतला एक दुवा कच्चा निघाला तर हदीस जईफ ठरते; कोणी रचलेली निघाली तर मौजू. सांगणाऱ्यांची चरित्रे तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच झाले, आणि त्या सांगणाऱ्यांत बाया होत्या. इब्ने साद (मृत्यू इ.स. ८४५) यांच्या तबकातचा शेवटचा भाग स्त्रियांसाठी आहे.

आणि आमच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले, ते तिथल्या महानुभावांच्या मेळ्यात. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याला गाठून विचारायचे, अशी त्यांची रीत. पुढे मूळ पोथी हरवली. तेव्हा ज्यांना जे आठवत होते ते पुन्हा जुळवले गेले आणि निरनिराळे पाठ झाले. महदाइसेसारख्या बाईच्या आठवणींनाही त्यात मोलाची जागा आहे. मराठी गद्याचा पाया आमच्या शेजारी असा विचारपूस करून घातला गेला. फूफीसमोर कागद घेऊन बसलेली आमची भाची त्याच वाटेने चालली होती.

घरात सर्वांना हे रुचले असे नाही. आमच्या एका चाचांचे म्हणणे, शजरा करताच आहात तर नीट करा, वर अरबस्तानापर्यंत न्या. पिंजारी लिहू नका, मन्सुरी लिहा. आता मन्सुरी हे नाव मन्सूर हल्लाजवरून आले असे आमचे लोक अभिमानाने सांगतात. इ.स. ९२२ मध्ये बगदादेत सुळी दिलेला तो सूफी. पण अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणाराच. ज्या धंद्याची लाज वाटून आपण नाव बदलतो, तोच धंदा त्या नावात आहे. चाचांना एवढेच विचारले, "अरबस्तानाचं कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "सब बोलते." सब बोलते, हा इस्नाद होत नाही. भाचीने ते टिपणात लिहून ठेवले, चाचांच्या नावासकट. झाडावर चढवले नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, मोठेपणासाठी नाहीत, असा बोध आहे. ओळखीसाठी वंशावळ ठेवायची तर तिच्यात खोटी ओळख घालता येत नाही.

परदादीचे नाव आम्ही आणखी शोधले. कब्रस्तानात काही मिळणार नव्हते. आमच्या कबरी कच्च्या, त्यांवर दगड नाही की अक्षर नाही. परदेशात लोक थडग्यांचे फोटो काढून वंशावळी पूर्ण करतात. ती वाट गरीब मुसलमानाला बंद. निकाहनाम्यात वधूचे नाव, मेहेर, वकील, गवाह सारे असते, पण तिचा निकाहनामा आमच्याकडे नाही. कोतवाल बुकात १९१८ च्या पानावर परदादांच्या नावापुढे 'औरत, ताप' अशी नोंद मिळाली. तिथेही नाव नव्हते.

मिळाले ते माळ्यावर. तांब्याची एक देगची, कल्हई उडालेली. जहेजात आलेली म्हणून फूफीने दाखवली. भांड्यावर नाव कोरण्याची आपल्या मुलखातली रीत त्या देगचीवरही पाळलेली. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची देवनागरी अक्षरे आणि साल १९०९. राखेने घासून घासून पुढची अक्षरे गेली होती. शेवटचे 'बी' तेवढे वाचता येत होते.

चाचा म्हणाले, "फातमाबी लिख डालो. कौन देखने आता?"

लिहिता आले असते. त्या काळच्या आमच्या घरांत फातमाबी असण्याचा संभव मोठा. कोणी तपासणारही नव्हते. पण मग जिचे नाव घासून गेले तिची जागा दुसरीच कोणी घेऊन बसली असती, आणि पुढच्या पिढीला ती कोरी जागा दिसलीच नसती. जी दिसत नाही तिचा शोध कोण घेणार? भाचीने लिहिले: नाव '…बी'. हाकेचे नाव अचलपूरवाली. मृत्यू १९१८. तिन्हींना वेगवेगळा पुरावा जोडला: देगची, फूफी, कोतवाल बुक. देगचीचा फोटोही सोबत लावला. नावाच्या भरवशापुढे 'कमी' ही पायरी निवडली.

गावांचीही अशीच गंमत. परदादी वारली तेव्हा मोर्शी मध्यप्रांत-वऱ्हाडात. अब्बा शाळेत गेले तेव्हा मध्यप्रदेशात. १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात. १९६० पासून महाराष्ट्रात. घर मात्र तिथेच. प्रोग्रॅममध्ये एका गावाला काळाप्रमाणे वेगवेगळे प्रांत जोडता येतात. फूफीचे सासर अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यात गेले. त्या गावाचीही नोंद ठेवता येते आणि तिथल्या कब्रस्तानाचीही.

एक सावधगिरी आम्ही पाळतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या चर्चेने घराघरांत पेट्या उघडल्या गेल्या, कागद शोधले गेले. त्या भीतीत काही लोकांनी सारे कागद मिळेल त्याच्या हाती दिले. खानदानाची माहिती ही अमानत आहे. ग्रॅम्प्समध्ये एखादी नोंद खासगी ठरवता येते आणि प्रत काढताना हयात माणसांना वगळता येते. आम्ही तसेच करतो. फाईलची एक प्रत जेडकॉम या स्वरूपात ठेवली आहे. हे स्वरूप १९८४ साली मॉर्मन चर्चने आणले आणि वंशावळीचे बहुतेक सगळे प्रोग्रॅम ते वाचतात, म्हणजे उद्या हा प्रोग्रॅम नसला तरी माहिती अडकणार नाही. शिवाय कागदावर छापलेली एक प्रत फूफीच्या पेटीत आहे. तिला वाचता येत नाही. पण तिच्या तोंडून आलेले तिच्याकडे असावे, असा भाचीचा हट्ट.

आज त्या झाडावर जवळपास सव्वादोनशे माणसे आहेत. नाव नसलेल्या चौकटी १९, आणि त्या सगळ्या बायांच्या. पुरुषाची एकही नाही. भाची त्या मिटवत नाही, यादी करून ठेवते. कोणी पाहुणी वरूडहून किंवा अचलपूरहून आली की यादी काढून बसते. मागच्या ईदला त्यातली एक चौकट भरली. चांदूरहून आलेल्या एका म्हाताऱ्या खालाने आपल्या नानीचे नाव सांगितले, आणि ते लिहून होईपर्यंत तिने शिरखुर्म्याच्या वाटीला हात लावला नाही.