फोटोखालची ओळ

ताजमहालाच्या दरवाजावर अमानत खान यांच्या सुंदर अक्षरांत कुरआनच्या आयती आहेत. इमारत आणि ओळ तिथे एकत्रच नांदतात. त्यावरूनच आम्ही अष्टमीच्या घरी मुलांना एक वही करून दिली. पानावर जागेचा फोटो चिकटवायचा, खाली पुस्तकातली शोभेल अशी ओळ लिहायची.

अवचितगड झाला, रोहा स्टेशन झाले. मुरुडच्या जंजिऱ्याखाली थोरल्याने ओसाड खंडहरावरचा एक शेर लिहिला. आम्ही वाहवा केली. अब्बांनी मात्र चष्मा काढला.

"अरे, तिथं माणसं राहत होती. भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव काय उगाच बांधले? १९४८ ला सिद्दींचं संस्थान विलीन झालं, नंतर हळूहळू वस्ती उठली. शेर छान आहे, पण जंजिऱ्याचा नाही."

शेर खोडला. फोटो तसाच राहिला.

मग आपल्या गावाची पाळी आली. मध्ये कुंडलिका, पलीकडे रोहा. चार पुस्तके चाळली, एकही ओळ बसेना. अम्मी भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "पाणी चढलं की आम्ही आधी पलीकडच्यांची खबर घ्यायचो, आणि ते आमची."

मुलांनी तेच लिहिले, खाली अम्मींचे नाव घातले.

तुमच्याही घरी असे फोटो असतील. मोठी माणसे आहेत तोवर विचारून घ्या.