खांद्यावरचा भात

मलेशियातल्या पिनांग बेटावर जॉर्ज टाउन हे जुनं बंदराचं शहर आहे. तिथल्या कॅम्पबेल स्ट्रीटवर हमीदिया नावाचं हॉटेल आहे. आम्ही गेलो त्या दुपारी रांग थेट फुटपाथपर्यंत आली होती. आमच्या पुढे एक चिनी कुटुंब, त्यांच्या पुढे ऑफिसातून आलेल्या, हिजाब घातलेल्या चार मलय मुली, मागे कपाळाला विभूती लावलेले एक तमिळ गृहस्थ. आत भांड्यांचा खणखणाट, ऑर्डरींचा पुकारा, आणि मसाल्याचा असा वास की परक्या मुलखात आहोत हे नाकाला पटेना.

आमचे जावई तिथं बायान लेपासच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर आहेत. लेक बरेच दिवस बोलावत होती. आम्ही दोघं नवरा-बायको निघालो आणि धाकट्या मुलालाही ओढून नेलं. ओढूनच म्हणायचं, कारण तीन आठवडे गाडी बंद ठेवायला तो तयार नव्हता.

गाडी म्हणजे हातगाडी. मिरजेत मगरिबनंतर तो सीक कबाब आणि पराठे विकतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, दोन वर्षं कारखान्यात काढली, मग नोकरी स्वतःहून सोडली. अलहम्दुलिल्लाह, गाडी बरी चालते. अडचण पैशाची नाही. दोन ठिकाणी त्याचं लग्न जमता जमता राहिलं. दोन्हीकडे मुलगा पसंत, घर पसंत. ‘मुलगा करतो काय’ इथं येऊन गाडं अडलं. एका घरी मुलीच्या मामांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “म्हणजे रस्त्यावर उभा राहतो?” त्यानंतर ‘कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही. लग्न जुळवणाऱ्या बाईंनी सुचवलं, बायोडाटात ‘केटरिंग बिझनेस’ लिहा, कोण बघायला येतंय! मुलगा म्हणाला, “लिहा. पण कपड्यांना निखाऱ्याचा वास येतो, त्याचं काय करू?”

हे इथं सांगायचं कारण, हमीदियात ज्या पदार्थासाठी रांग लागते त्याचं नाव. नासी कंदार. मलय भाषेत नासी म्हणजे भात आणि कंदार म्हणजे खांद्यावर आडव्या काठीने वाहणं. आपण कावड म्हणतो तीच. इंग्रजांच्या काळात या बंदरावर राबणाऱ्या मजुरांसाठी तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका बाजूला भाताचं भांडं आणि दुसऱ्या बाजूला कालवणाचं भांडं अडकवून गल्लोगल्ली फिरायचे. सावली दिसली की कावड उतरवायची, गिऱ्हाइकांनी भोवती उकिडवं बसून खायचं, पुन्हा कावड खांद्यावर. पुढं ज्याला जमलं त्याने झाडाखाली जागा धरली, मग कुणी दुकान घेतलं. हमीदियावाले आपली सुरुवात १९०७ सालची सांगतात. आता कावड कुणाच्याच खांद्यावर दिसत नाही, पण नावातून ती काढून टाकावी असं कुणाला वाटलेलं नाही. तेव्हाच्या रस्त्यावरच्या जेवणाची ओळख आज पाटीवर मोठ्या अक्षरांत मिरवते.

रांग सरकत आपण मोठमोठ्या पातेल्यांसमोर येतो. बोट दाखवायचं, की वाढपी थाळीत घालतो. मटण, तळलेली कोंबडी, मोठ्या माशाचं डोकं, माकूळ, माशाची गाबोळी. भेंडीही होती. मलय भाषेत तिला ‘बेंडी’ म्हणतात. आमच्या लेकीला तिथं पहिल्या आठवड्यात बाजारात समजलेला हा एकच शब्द! मग खरी गंमत. वाढपी चार-पाच पातेल्यांतला वेगवेगळा रस्सा पळीपळीने त्याच भातावर ओततो. कोंबडीचा, मटणाचा, माशाचा, सगळा एकत्र. जास्त हवा असेल तर ‘बांजिर’ म्हणायचं. बांजिर म्हणजे पूर. आमच्या दस्तरखानावर कुणी माशाच्या कालवणात मटणाचा रस्सा घातला तर घरातल्या मोठ्यांचा ओरडा बसेल. इथं न मिसळणारा अडाणी ठरतो. चव सांगायची तर तिखटाला आपल्यासारखी धार नाही. बडीशेप, दालचिनी आणि खोबऱ्याचा गोडवा आधी जाणवतो, आणि चौथ्या-पाचव्या घासाला कानामागे घाम येतो. तळलेली कोंबडी आम्हाला विशेष वाटली नाही. मुर्ताबाक मात्र छान होता. पातळ लाटीत खिमा, अंडं आणि कांदा भरून, घडी घालून तव्यावर भाजलेला. मुंबईला रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर बैदा रोटी खाल्ली असेल तर तिचा हा भाऊच समजा.

अशी हॉटेलं चालवणाऱ्यांना तिथं ‘मामाक’ म्हणतात. हा शब्द तमिळ ‘मामा’वरून आला असं सांगितलं जातं. आपलाच मामा. लोक प्रेमाने म्हणतात, आणि कधी कधी हेटाळणीनेही म्हणतात. मामा म्हणून हाक मारायची आणि नाकही मुरडायचं, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही तर! यांतले बरेचजण मुळात तमिळनाडूच्या रामनाथपुरम आणि कडयनल्लूर भागातले. याच शहरातली कापितान केलिंग मशीद दक्षिण हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमानांनी १८०१ मध्ये उभी केली. हॉटेलातून चालत तिथं पोचायला फार वेळ लागत नाही. जोहरची नमाज आम्ही तिथंच अदा केली. बाहेर त्याच रस्त्यावर पुढं चिनी देऊळ, हिंदू मंदिर आणि चर्चही आहे.

लेकीच्या घराजवळ असंच एक साधं मामाक हॉटेल आहे. नाव घेण्याइतकं प्रसिद्ध नाही, पण रात्रभर उघडं. टीव्हीवर फुटबॉलची मॅच, टेबलं फुटपाथवर, रात्री बारा वाजता कडेवर लेकरं घेऊन आलेल्या बायका. आमचा धाकटा तिथं रोज जायला लागला. खायला कमी, बघायला जास्त. रोटी चनाईवाल्यासमोर उभा राहायचा. तुपा-तेलात मुरवलेला मैद्याचा गोळा तळहाताने चपटा करायचा, हवेत गरगर फिरवून कागदासारखा पातळ करायचा, घडी घालून तव्यावर टाकायचा, आणि भाजून झाला की दोन्ही हातांनी चुरगाळून पदर सुटे करायचे. शेजारी चहावाला घट्ट गोड दुधाचा चहा एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून ओतत असायचा. तो तेह तारिक, म्हणजे ओढलेला चहा. आम्हाला फारच गोड लागला, पण त्याच्यावरचा फेस बघण्यासारखा.

रोटीवाला रामनाथपुरमकडचा. त्याला तमिळ आणि मलय येतं, आमच्या मुलाला मराठी आणि घरची दखनी. तरी चौथ्या रात्री त्याने मुलाच्या हातात गोळा दिला. पहिला फाटला, दुसरा चहावाल्याच्या खांद्यावर पडला. सगळं टेबल हसलं, मुलगाही हसला. तिसरा थोडाफार जमला. जावयांनी तेव्हा सांगितलं, की मलेशियाची ही न्याहारीची पद्धत, नासी लेमाक, रोटी चनाई, तेह तारिक, २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली आहे. मुलगा पिठाचे हात पुसत म्हणाला, “त्या मामांना कळवायला पाहिजे.”

त्यानंतर बराच वेळ तो रोटीवाल्याला खुणांनी विचारत होता. गोळे किती तास मुरवतो, एका रात्री किती रोट्या जातात, सकाळच्या पिठाला वेगळा माणूस का. आम्ही बाजूला चहा घेत बसलो होतो. हा मुलगा आमच्याशी इतकं कधी बोलत नाही.

परत आल्यावर त्याने गाडीसाठी मोठा तवा घेतला. अंडं-खिम्याचा घडीचा पराठा आठवड्यातून दोन दिवस करतो. खपतो, पण सगळ्यांना आवडतो असं म्हणता येणार नाही. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने ‘साधा पराठाच बरा’ म्हणून स्पष्ट सांगितलं. रस्सा मिसळायचा प्रयोग मिरजेत करायची त्याची हिंमत अजून झालेली नाही.

पुढच्या रविवारी इचलकरंजीचे पाहुणे मुलगा बघायला येणार आहेत. बायोडाटात यावेळी ‘कबाब-पराठ्याची हातगाडी’ असं लिहिलं आहे. बाई फोनवर जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “बघा बुवा.” आम्ही त्यांना सांगितलं, की पाहुण्यांना आधी घरी आणू नका, सरळ गाडीवर घेऊन या. आणि साडेसातला या म्हणावं, नऊनंतर सीक शिल्लक राहत नाहीत.