धोटा परत का आला?

बालमित्रांनो, मित्राने स्वतः केलेली एखादी वस्तू तुम्हाला दाखवली, तर तुम्ही काय म्हणता? 'छान आहे' म्हणता, नाही तर 'हे काय केलंयस रे?' म्हणून हसता. खरं ना? लाजू नका, मीही तशीच होते. शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती तरी! मग सातवीतल्या एका मुलीने मला शहाणं केलं. तिचीच गोष्ट आज सांगते.

मी भिवंडीला शिकवते. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिवसभर खटक-खटक, खटक-खटक आवाज येत असतो. पाहुण्यांचं डोकं उठतं, पण आम्हाला मात्र वीज जाऊन माग थांबले, की उलट चुकल्यासारखं होतं.

शाळेला दोन जुने संगणक मिळाले, तेव्हा त्यांवर मी 'अल्गोडू' नावाचा प्रोग्राम घातला. त्याचीही एक गंमत आहे बरं का! स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात एमिल एर्नरफेल्ट नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याने पदवीसाठी हा प्रकल्प केला आणि 2008 साली तो लोकांसमोर आला. तेव्हा त्याचं नाव होतं 'फन'. पुढे त्याचंच 'अल्गोडू' झालं. यात पडद्यावर माऊसने गोल काढला, चौकोन काढला आणि 'चालू'चं बटण दाबलं, की चित्र जिवंत होतं! गोल घरंगळतो, चौकोन धपकन पडतो. वस्तू लाकडाची करा, पोलादाची करा, रबराची करा किंवा बर्फाची. तिला मोटर लावा, स्प्रिंग लावा, साखळी लावा. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध बंद करायलाही बटणं आहेत. अशा तयार केलेल्या खेळाला म्हणायचं 'देखावा'.

दर शनिवारी एकाने आपला देखावा दाखवायचा आणि बाकीच्यांनी मत द्यायचं, असा आमचा नियम ठरला. पहिल्याच शनिवारी एका मुलाने पिसासारखी हलकी पट्टी आणि जड गोळा एकाच उंचीवरून सोडला. दोन्ही एकदम खाली! सगळा वर्ग ओरडला, "चूक! चूक! पीस हळू पडतं!"

मी म्हटलं, "थांबा. त्याला विचारा तरी, त्याने काय काय चालू ठेवलंय आणि काय बंद?"

तो हसत म्हणाला, "बाई, मी हवा बंद केलीय."

झालं! मग मी मुलांना 1971 सालची गोष्ट सांगितली. 'अपोलो 15' मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं होतं. तिथे हवाच नाही. दोन्ही एकदमच जमिनीवर टेकली. म्हणजे आमच्या मुलाचा देखावा चुकीचा नव्हताच, तो फक्त चंद्रावरचा होता! "चूक म्हणण्याआधी विचारावं," असं मी मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहिलंसुद्धा.

आणि पुढच्याच महिन्यात मीच ते विसरले.

त्या शनिवारी पाळी होती एका अबोल मुलीची. तिचे आजोबा तेलंगणातून इथे आलेले विणकर, वडील मागावर कारीगर. तिने चक्क यंत्रमाग केला होता! खाली बर्फाची गुळगुळीत पट्टी, तिच्यावर दोन्ही टोकांना निमुळता धोटा, दोन बाजूंना दोन पेट्या आणि मोटरवर फिरणारा एक दांडा. धोटा म्हणजे काय, ते माहीत आहे ना? ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून बाण्याचा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी ती लाकडी होडी. तिने बटण दाबलं. दांड्याने धोट्याला फटका मारला, धोटा सुसाट गेला, समोरच्या पेटीत आपटला आणि टप्पकन उसळून अर्ध्यात परत आला.

मुलं हसली. मला घाई होती, तास संपत आला होता. मी म्हणाले, "अगं, धोटा असा परत येतो का कधी? पेटीत थांबायला हवा. चुकलंय हे."

ती काही बोलली नाही. खाली मान घालून तिने सगळा देखावा पुसून टाकला. पुढचे दोन शनिवार ती संगणकाजवळ फिरकली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या घराकडे गेले. वडील कारखान्यात होते, म्हणून तिथेच गेले. तिथे जे पाहिलं, त्याने माझे डोळे उघडले. खटक-खटक चालणारा एक माग एकदम 'खट्' करून बंद पडला. तिचे वडील म्हणाले, "बाई, पेटी सैल झालीय. धोटा टेकतो आणि परत येतो."

पेटीत धोट्याला दाबून धरणारी एक पट्टी असते. तिच्या घर्षणाने धोट्याचा वेग जिरतो. ती सैल पडली, की धोटा उसळतो. मग माग आपोआप थांबतो. तो थांबला नाही आणि धोटा ताण्यातच अडकला, तर शेकडो धागे तुटतात, ते एकेक करून जोडत बसावं लागतं. कारीगराला पैसे मिळतात मीटरवर. माग थांबला, की मजुरी थांबली.

म्हणजे तिने धोटा चुकवला नव्हता! घरी रोज ज्याबद्दल बोलणं चालतं, तीच अडचण तिने मांडली होती. वडिलांची पेटी दुरुस्त कशी करावी, हे तिला शोधायचं होतं. आणि मी तिला एक साधा प्रश्नसुद्धा विचारला नाही.

सोमवारी मी वर्गात तिची माफी मागितली. चूक वर्गासमोर केली होती, तर माफीही वर्गासमोरच मागायला हवी, नाही का? मग म्हटलं, "तुझा माग पुन्हा करशील? मला काही विचारायचंय."

तिने शनिवारपर्यंत तो पुन्हा केला. या वेळी मी आधी तीनदा चालवून बघितला. मग जे दिसलं तेवढंच सांगितलं, "फटका छान बसतो. धोटा सरळ जातो. पेटीत आपटून निम्म्यापर्यंत परत येतो. हे तुला असंच दाखवायचंय का?"

"हो बाई. आता तो थांबवायचाय."

मग काय विचारता! एक जण म्हणाला, "पेटीची उसळी कमी कर." दुसरी म्हणाली, "पट्टीला रबर लाव, घर्षण वाढव." तिने एका वेळी एकच गोष्ट बदलली. उसळी शून्य केली, धोटा कमी परतला. मग वरून स्प्रिंगने दाबलेली पट्टी बसवली. फार घट्ट झाली, तेव्हा धोटा तोंडाशीच अडला. थोडी सैल केली आणि धोटा पेटीत जाऊन गप्प बसला! सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला.

खऱ्या मागाची पेटी अर्थातच तिच्या वडिलांनीच पाना घेऊन घट्ट केली. पण ती सांगत होती, "बाबांनी मला विचारलं, किती घट्ट करू?"

तर दोस्तांनो, आता कुणी आपलं काम दाखवलं, की आधी ते नीट बघा. जे दिसलं ते सांगा. 'तुला काय करायचं होतं?' हे विचारा. आणि मग सुचवायचं असेल, तर एखादीच गोष्ट सुचवा. नुसत्या 'छान'ने कुणाचा धोटा थांबत नाही, आणि नुसत्या 'चूक'ने काय होतं, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.