काजव्यांच्या शोधात शिंजुकू

शिंजुकू स्टेशनात हरवणं कम्पल्सरी आहे. जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून गिनीज बुकात नाव, आणि बाहेर पडायला दोनशेच्या वर दारं. दादरच्या पुलावर तयार झालेल्या आपल्यासारख्यांचाही इथे पार पोपट होतो. पण एकदा पूर्वेच्या बाजूने बाहेर आलात, की निऑन पाट्यांच्या जंगलात एक वेगळंच गाव लागतं. रेकॉर्डवेड्यांचं गाव.

डिस्क युनियन ही इथली जुन्या-नव्या रेकॉर्ड्सची मोठी चेन. शिंजुकूत त्यांनी जॅझ, सोल, मेटल असे वेगवेगळे संसार थाटलेत, आणि त्यातला एक आहे फक्त प्रोग्रेसिव्ह रॉकचा. म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी, मेलोट्रॉन, बासरी, मध्येच बारोक पियानो. पिंक फ्लॉइड आणि जेनेसिस ही यातली थोरली मंडळी. पण इथे येणारे त्यांच्यासाठी येत नाहीत. त्यांना हवा असतो 1973 मध्ये इटलीतल्या कुठल्यातरी गावात पोरांनी काढलेला एकुलता एक अल्बम, जो तेव्हा कुणीही विकत घेतला नाही.

आणि गंमत म्हणजे तो जपानमध्ये मिळतो. किंग रेकॉर्ड्स या जपानी कंपनीने 1980च्या आसपास ‘युरोपियन रॉक कलेक्शन’ नावाची मालिकाच काढली होती. इटलीतच विसरले गेलेले बँड टोकियोच्या कॉलेजातल्या मुलांना तोंडपाठ झाले. हे प्रेम एवढं टिकलं, की नेपल्सच्या ओसन्ना बँडचा ‘रोसो रॉक’ हा 2012 चा लाइव्ह अल्बम जपानमध्येच रेकॉर्ड झाला. घरच्यांनी नाही, शेजाऱ्यांनी ओळखलं!

मी मात्र मामाच्या कामासाठी गेले होते. मामा पुण्याचा, बँकेतून रिटायर्ड. 1979 मध्ये कोरेगाव पार्कातल्या आश्रमात आलेल्या एका इटालियन संन्याशाने त्याला एक कॅसेट दिली होती. लेबलवरची शाई पुसून एकच शब्द उरला होता, ‘लुच्चोले’. घरात ती कायम ‘मामाची लुच्ची टेप’ म्हणूनच ओळखली गेली. आमच्या पिढीला नाव शोधायला दोन मिनिटं पुरली. बँड लोकांदा देल्ले फाते, गाव आस्ती, अल्बम ‘फोर्से ले लुच्चोले नॉन सी आमानो प्यू’, साल 1977. लुच्चोले म्हणजे काजवे. ‘कदाचित काजवे आता एकमेकांवर प्रेम करत नाहीत.’ सात जणांचा बँड, त्यात दोन की-बोर्डवाले. पण 1977 हे पंक आणि डिस्कोचं साल. एवढी नाजूक कलाकुसर ऐकायला वेळ होता कुणाला? अल्बम पडला, थोड्या वर्षांत बँडही बंद. मी मामाला मोबाइलवर लिंक पाठवली, तर म्हणाला, “अगं, हातात धरता येईल असं काहीतरी आण.”

दुकानात भिंतीवर ओरिजिनल एलपी होती. 35,000 येन, म्हणजे आपले वीसेक हजार. आणि खाली रॅकमध्ये तिचीच बाळ-आवृत्ती, 2,400 येनला. याला इथे ‘कामी-जाके’ म्हणतात, कागदी जॅकेट. सीडी, पण प्लॅस्टिकच्या डबीत नाही, तर मूळ एलपीच्या कव्हरची साडेतेरा सेंटिमीटरची हुबेहूब नक्कल. मूळ कव्हर उघडणारं असेल तर हेही उघडणार, खिडकी कापलेली असेल तर तीही कापलेली. कडेला ‘ओबी’ नावाची कागदी पट्टी. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून हे नाव. ओबी नसेल तर सेकंडहँड किंमत धपकन उतरते. कागदाच्या पट्टीसाठी! यावर हसू नका, आपण आयफोनचे रिकामे खोके जपून ठेवतो.

रीइश्यूमध्ये खरा प्रश्न कव्हरचा नसतोच. आवाज कुठून घेतला, हा असतो. मास्टर टेप सापडली तर उत्तम. ती हरवली असेल, तर एखादी चांगली एलपी वाजवूनच कॉपी काढतात, आणि चांगले कान असले तर सुईची खरखर कळते. तिसरा प्रकार बिनपरवान्याचा. कव्हर झकास, बॅण्डला दमडी नाही. अशी एलपी घेऊन ‘आपण संगीत वाचवलं’ म्हणणारे कलेक्टर्स मला जाम डोक्यात जातात. वीस हजारांच्या ओरिजिनलमधूनही बँडला काहीच जात नाही, हे वेगळं. पैसे दुकानदाराला आणि आधीच्या मालकाला. त्यामुळे मी डोळे झाकून परवानाधारक रीइश्यूवाल्यांच्या पार्टीत. शक्यतो नवी घ्या, माझी सेकंडहँड निघाली कारण नवी संपली होती.

जाणार असाल तर अर्धा दिवस काढून ठेवा. जपानी कप्पाही चुकवू नका. फार ईस्ट फॅमिली बँडचा ‘पॅरलल वर्ल्ड’ (1976) क्लाउस शुल्त्झेने प्रोड्यूस केलाय आणि त्यात की-बोर्डवर आहे कितारो, ज्याला पुढे न्यू एजचं ग्रॅमी मिळालं. दुकानात जोरात बोलू नका. तिथली शांतता भांडारकर इन्स्टिट्यूटच्या तोडीची आहे.

पुण्यात मामाने ओबी न काढता सीडी लावली. एक गोष्ट सांगायची राहिली. कॅसेटवरच्या शेवटच्या गाण्यावर, ‘वेंदेसी साज्जेत्सा’वर, म्हणजे ‘शहाणपण विकणे आहे’वर, माझ्या आईने शाळेत असताना टिळकांवरचं भाषण रेकॉर्ड केलं होतं. त्यामुळे त्या गाण्याचा शेवट मामाने कधी ऐकलाच नव्हता. नऊ मिनिटांचं गाणं. अर्ध्यात आल्यावर त्याने हात वर केला.

“थांब, आता इथे सुमी ‘अध्यक्ष महाशय’ म्हणते.”

नाही म्हणाली. गाणं पुढे चालू राहिलं.