मोठ्या जहाजावरची सहल : फायदे आणि तोटे

आमच्या वडवणीपासून समुद्र फार लांब. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघणारी माणसं आम्ही! तरी 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' जहाज सुरू झालं, तेव्हापासून आईला एकदा क्रूझवर न्यावं, असं मनात होतं.

आधी फायदे बघू. बॅग एकदाच उघडायची. जेवण, करमणूक, झोप सगळं एकाच ठिकाणी. लिफ्ट असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचे हाल होत नाहीत.

आता तोटे. खर्च मोठा. काहींना बोट लागते. बंदरावर थांबा काही तासांचाच, त्यात गाव पाहून होत नाही. 'आयकॉन ऑफ द सीज'वर तर 7000 हून अधिक प्रवासी मावतात. एवढ्या गर्दीत आजार पसरला तर जाणार कुठं? फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात थांबवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वरच्या 3711 जणांपैकी 700 हून अधिक जणांना करोना झाला.

शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "त्या जहाजावरून पाण्यात पाय बुडवता येतील का रं?"

इतक्या उंचावरून कसे बुडवणार? म्हणून ठरलं, आधी अलिबागचा किनारा, जहाजाचं नंतर बघू. तुम्हीही तिकीट काढण्याआधी घरच्यांना एकदा विचारा, त्यांना नेमकं काय हवंय.