कोल्हापुरीं दोन दिवस

जामसंड्याहून करूळच्या घाटानें, गगनबावड्यावरून कोल्हापुरीं जावयाचें आणि दोन दिवस राहावयाचें, असा बेत घरांत ठरला. ठरतांच यादी वाढूं लागली. नातवंडांस १६६० च्या वेढ्याचा पन्हाळा हवा, सुनांस जोतिबा, आणि अंबाबाईचें दर्शन तर सर्वांसच. पन्हाळा व जोतिबा शहराच्या वायव्येस, सुमारें २० किलोमीटरांवर. एका दिवसांत दोन्ही सुखानें होतात. सौभाग्यवतीच्या मनांत नरसोबाची वाडी होती. ती पूर्वेकडे, ४० किलोमीटरांहून दूर.

‘माझे गुडघे तेवढा हेलपाटा सोसावयाचे नाहींत, वाडी राहूं द्या,’ ती म्हणाली. आम्हीं जन्मभर भूगोल शिकविलेला. नकाशा पाहून मुकाट्यानें तें नांव खोडलें. रात्रीं मात्र झोंप येईना. चाळीस वर्षें या घराच्या प्रत्येक यादींतून तिनेंच आपली इच्छा खोडली होती.

सकाळीं दुसऱ्या दिवसाच्या दोन वाटा केल्या: मुलें गडाकडे, आम्ही उभयतां वाडीस. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाण्यांत पाय सोडून ती हसली.

वाचकहो, बेत आंखतांना जो कांहींच मागत नाहीं, त्यास आधीं विचारावें.