पौषातले पाहुणे

दिवाळी उरकली की चकलांब्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी चढते, बाजरीच्या पिठाचं गाठोडं चढतं, कोयते, घागरी, पाय बांधलेल्या कोंबड्या चढतात आणि या सगळ्या पसाऱ्यावर गोधडीत गुंडाळलेली मुलं. म्हातारी दाराशी उभी राहते. ट्रॉलीचा लाल दिवा शेवगावच्या अंगाला वळून दिसेनासा होईपर्यंत ती हलत नाही.

नगर जिल्ह्याच्या शिवेजवळचं, गेवराई तालुक्यातलं हे गाव. माती काळी. कार्तिकात कापूस फुटतो तेव्हा शिवार असं काही उजळतं की नव्या माणसाला इथे उणं काय आहे ते कळू नये. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवाही याच तालुक्यातून जातो. पण पाटाचं पाणी सगळ्याच वावरांच्या वाट्याला येत नाही, आणि कापसाचा पैसा दुकानदाराच्या वहीपाशीच संपतो. मग मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला बीड जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जातात, सीमा ओलांडून कर्नाटकात जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोरं त्या हिशेबात नसतात. पाचटात खेळायचं, धाकट्याला सांभाळायचं, वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या, एवढं काम मात्र ती न मोजता करतात.

गाव असं अर्धं झालेलं असताना, पौषाच्या थंडीत, शहरातल्या कॉलेजची गाडी शाळेसमोर येऊन थांबते.

ही तरुण मुलं मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. घरची ऊब सोडून, रात्रभर प्रवास करून ती येतात. सगळ्यांचे सदरे एका रंगाचे असतात. खोक्यांत वह्या, पेन, रंगपेट्या, क्वचित स्वेटर. शाळेतली मुलं ओळीत बसतात, स्वागतगीत होतं, भाषणं होतात. तिळगुळाचे दिवस असले तर तिळगूळही वाटला जातो. दुपारी लिंबाखाली खेळ रंगतात, फोटो निघतात. ऊन कलायला लागलं की कुणाचे तरी डोळे भरतात, गाडी धुरळा उडवत निघून जाते. त्या आसवांत खोटं काही नसतं. पण ज्यांच्यासाठी हा प्रवास झाला, त्यांतली निम्मी मुलं त्या दिवशी गावातच नसतात.

अशाच एका दुपारी एक मुलगा पाहुण्यांना भूगोल शिकवत होता. त्या वर्षी आजीजवळ मागे राहिलेला, पाचवीतला. जयसिंगपूर, हुपरी, चिकोडी, रायबाग ही नावं तो सोयऱ्यांच्या गावांसारखी घेत होता. कानडीत पाण्याला ‘नीरू’ आणि जेवणाला ‘ऊटा’ म्हणतात, हेही त्याने सांगितलं. ऐकणारी मुलं हसली, त्यांना गंमत वाटली. मग त्याने समोरच्या उंच पोराला साधेपणानं विचारलं, “दादा, तुमच्याकडं ऊस तोडाया कोण येतं?”

तो उंच मुलगा कोल्हापूरकडचा होता, बागायतदाराच्या घरचा. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुमच्याकडचेच येतात.” त्याच्या मळ्याच्या बांधाला दर हिवाळ्यात ऊसतोडीला आलेल्यांच्या कोपी पडतात. तिथली मुलं त्याने लहानपणापासून पाहिली होती. ती शाळेत जातात की नाही, हे विचारायला मात्र तो कधी बांधापर्यंत गेला नव्हता. त्यासाठी त्याला चकलांब्याला यावं लागलं.

माझा सगळा विचार त्या दुपारपाशी अडकून पडला आहे. दूरच्या मुलासाठी मन चटकन द्रवतं. ते मूल आपल्याला काही मागत नाही, त्याच्या दुःखात आपला हात कुठे आहे हेही दिसत नाही. बांधावरचं मूल अवघड. त्याच्याकडे पाहायचं म्हणजे आपल्या चहातल्या साखरेकडे पाहायचं.

जगाचीही हीच रीत आहे. युरोप-अमेरिकेतली, ऑस्ट्रेलियातली मुलं सुट्टीत कंबोडियाला, नेपाळला जातात, तिथल्या अनाथालयांत चार दिवस शिकवतात, देणगी देऊन परततात. पुढे ध्यानात आलं की त्या अनाथालयांतल्या बऱ्याच लेकरांचे आईबाप हयात आहेत. पाहुण्यांचा ओघ वाढला तशी त्यांना दाखवायला मुलं गोळा होऊ लागली होती. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी चालणारा मुलांचा हा व्यापारही त्या चर्चेत आला. दयेचीसुद्धा बाजारपेठ होते, ती अशी.

मग जाऊच नये का? जावं. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते एका प्रांतातल्या तरुणाने दुसऱ्या प्रांतात जावं, तिथली भाषा, तिथलं जगणं आपलंसं करावं म्हणूनच. त्यात देणारा आणि घेणारा अशा दोन रांगा नव्हत्या. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिच्या शिबिरांनी शहरातल्या किती पोरांना पहिल्यांदा गाव दाखवलं! प्रश्न जाण्याचा नाही, पाहून परतल्यावर काय करायचं याचा आहे.

ज्यांच्या हातून काही उभं राहिलं, ती माणसं बहुतेक लांब गेलीच नाहीत. गिरीश कुलकर्णींनी 1989 मध्ये स्नेहालय सुरू केलं ते स्वतःच्या नगर शहरात, तिथल्याच लालबत्ती वस्तीतल्या मुलांसाठी. आमच्या बीड जिल्ह्यात दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी आर्वीला शांतिवन उभं केलं. गेवराईला संतोष गर्जे यांचं बालग्राम आहे. ऊसतोडीमुळे शिक्षण सुटणाऱ्या लेकरांची सोय हे शांतिवनामागचं मोठं निमित्त. जनार्थ संस्थेने तर उलट्या बाजूने सुरुवात केली. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत ना, मग शाळाच कारखान्याच्या तळावर न्यायची. त्या साखरशाळा.

आता कायदा आहे, योजना आहेत. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मूल स्थलांतर करून जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घ्यावं, यासाठी शिक्षण हमी कार्ड निघालं. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. पण कार्ड खिशात असलं तरी कोपीपासून शाळा दोन कोस लांब असते, वाटेत उसाच्या गाड्यांची रांग असते आणि पहाटे फडात गेलेल्या आईबापांना पोराला सोडायला जायला सवड नसते. तिथे एक माणूस कमी पडतो. बोट धरून शाळेच्या दारापर्यंत नेणारा, वर्गात बोली ऐकून कुणी हसलं तर शेजारी बसणारा, अंधार पडायच्या आत परत आणून सोडणारा.

त्या माणसाचं वय वीस असेल तर फारच बरं.

म्हणून कॉलेजातल्या मुलांना माझं सांगणं एवढंच. पौषात चकलांब्याला येऊ नका. तेव्हा आमची लेकरं तुमच्याच मुलखात असतात, तुमच्या वसतिगृहाच्या मागच्या फडात, कारखान्याच्या फाट्यावर. तिथे जा. शनिवार-रविवार जा, हंगाम संपेपर्यंत जा, नावं लिहून घ्या, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठा. आणि पाडवा झाला, कोयते घरी परतले, की उन्हाळ्याच्या सुट्टीत खुशाल गावाकडे या. सहा महिन्यांचं सुटलेलं वाचन भरून काढायला तेव्हा हातांची खरी गरज असते. वह्या नाही आणल्या तरी चालेल. मुक्कामाला मात्र या.